ओखरबोटला ऐकू येईना

सिमखर्कचा टेकमान तिलिजा, भावांत दुसरा म्हणून गावाचा 'माइला', सोळाव्या वर्षी खच्चरांमागं चालायला लागला आणि चाळिशी उलटेपर्यंत चालतच राहिला. बेंसीच्या बाजारातून मीठ, तेल, पत्रे वर आणायचे, वरून बटाटे आणि सुकवलेली सफरचंदं खाली न्यायची. नऊ खच्चरं होती. मग बेंसीहून जीपचा रस्ता वर सरकू लागला. दर पावसाळ्यात निम्मा वाहून जायचा, दर हिवाळ्यात पुन्हा खणला जायचा, पण तेवढ्यानंही खच्चरांचा धंदा बसला. टेकमाननं एकेक जनावर विकलं. शेवटचं म्हातारं खच्चर कुणी घेईना, ते त्यानं मरेपर्यंत पोसलं.

"ह्या बुढ्याला माणसांपेक्षा जनावरांशी बोलणं जमतं," त्याची बायको रूपसरी शेजारणींना सांगायची. "आता दिवसभर माझ्याकडं बघत बसतो. मला आपलं खच्चरासारखा कपाळाला तुरा बांधलाय असं वाटतं."

त्याच सुमाराला काठमांडूच्या एका संस्थेनं डोंगरातल्या गावांना बिनतारी जाळ्यानं जोडायचं काम हाती घेतलं. सिमखर्क आणि ओखरबोट ही दोन गावं एका खोल घळीच्या दोन काठांवर समोरासमोर बसलेली. इकडचं धुणं तिकडून दिसतं, पण जायचं तर नदीपर्यंत उतरून पुन्हा चढायचं, पक्के तीन तास. बेंसी मात्र दोन्ही गावांतून दिसत नाही. ती दिसते फक्त वरच्या काफलडांड्यावरून. म्हणून संस्थेनं काफलडांड्याच्या माथ्यावर एक खोपटं बांधलं, त्यात पेटी ठेवली, बाहेर अँटेना आणि सौर पाट्या लावल्या. दोन्ही गावांत आणि बेंसीतही एकेक छोटी पेटी बसवली. गावं माथ्याशी बोलणार, माथा बेंसीशी. तिथली बॅटरी बघायला, बर्फ झाडायला, उंदरांनी कुरतडलेली वायर जोडायला माणूस हवा होता. शिकलेली मुलं एक-दोन महिने चढायची आणि मलेशियाचा व्हिसा आला की निघून जायची. टेकमान आठवी नापास होता, पण कुठल्याही हवेत डांडा चढायचा. काम त्याच्याकडं आलं आणि राहिलं.

पेटी उघडून धूळ कशी काढायची, कुठला दिवा हिरवा हवा आणि कुठला लाल झाला तर काय करायचं, हे तो जनावराचा खूर बघावा तसं बघून शिकला. सिमखर्कच्या आरोग्य चौकीतली गोमा सिस्टर बेंसीच्या डॉक्टरांना पडद्यावर रोगी दाखवू लागली. ओखरबोटच्या शाळेत गणिताला मास्तर टिकत नव्हता, तिथल्या दहावीच्या पोरांना बेंसीच्या शाळेतला मास्तर पडद्यावरून शिकवू लागला. अडचण एकच होती. माथ्यावरच्या पेटीला तोंड एकच. एका वेळी एकाशीच बोलणार. चौकी आणि शाळा एकदम सुरू झाली की दोन्हीकडं चित्र थिजायचं, आवाज तुटायचा.

त्यावर उपाय घेऊन रश्मिला तुलाधर आली. काठमांडूजवळच्या पाटणची नेवार मुलगी, वय सत्तावीस, विद्यापीठात संशोधन करणारी. ती सहा आठवडे टेकमानच्या घरी राहिली. त्याला ती दाइ म्हणायची, म्हणजे दादा, आणि रूपसरीला भाउजू, म्हणजे वहिनी. पहिल्या दिवशी पिठाचा घट्ट ढिंडो गिळता गिळता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या आठवड्यात ती आंबवून सुकवलेल्या पाल्याचं गुंद्रुक पुन्हा मागून घ्यायला लागली. डांडा चढताना तिचे गुडघे बोलायचे, पण ती बसायची नाही. टेकमानला ती फार आवडली, कारण त्याला कळत नसलेली गोष्ट ती टाळायची नाही. कळेपर्यंत सांगायची.

एका दुपारी अंगणात मका सोलताना तिनं सांगितलं. "दाइ, तुम्ही मनात एक आकडा धरा. भाउजू, तुम्हीही धरा. दोघं माझ्या कानात सांगा."

दोघांनी सांगितलं.

"आता तुमचा आकडा भाउजूंना पोचवायचाय आणि त्यांचा तुम्हाला. मी काय करीन?"

"एकदा मला सांगशील, एकदा तिला," टेकमान म्हणाला.

"दोनदा तोंड उघडायला लागेल. आपल्याला एकदाच उघडायचंय. म्हणून मी दोघांना ऐकू जाईल असं फक्त 'बारा' म्हणते."

रूपसरीनं मक्याचं कणीस खाली ठेवलं. "माझे सात. म्हणजे ह्याचे पाच."

"झालं. माथ्यावरची पेटी आता हेच करणार. दोघांचं बोलणं एकमेकांत कालवून एकदाच सोडणार. ज्याला आपलं ठाऊक आहे तो ते वजा करील, उरेल ते दुसऱ्याचं."

टेकमाननं हातातलं कणीस सोलून टोपलीत टाकलं. मग म्हणाला, "पण बहिनी, गोमा सिस्टर बोलते ते बेंसीला जातं. बेंसीचा मास्तर बोलतो ते ओखरबोटला. बेंसीचं ठीक, तिला मास्तरचं ठाऊक आहे, तेवढं वजा केलं की सिस्टरचं उरलं. ओखरबोटनं तर स्वतः काहीच म्हटलेलं नाही. ते बिचारं काय वजा करणार?"

रश्मिला हसायलाच लागली. आपल्या वर्गात हा प्रश्न तीन दिवसांनी आला होता, म्हणाली. "सिमखर्कची पेटी माथ्याशी बोलते तेव्हा तिचा आवाज घळीवरून ओखरबोटलाही जातो. ओखरबोटची पेटी तो ऐकून ठेवते. तिच्यासाठी नसला तरी."

"म्हणजे चोरून ऐकते," रूपसरी म्हणाली.

"चोरून ऐकलेलं कामाला येतं, भाउजू."

"ते आम्हा बायकांना विद्यापीठात न जाता ठाऊक आहे."

"आणि नसेल ऐकलं तर?" टेकमाननं विचारलं.

"ऐकतेच. मी दहा दिवस मोजलंय. शंभरातले पंच्याण्णव तुकडे तिला ऐकू येतात. तेवढं धरूनच माथ्याची पेटी चालणार. दर वेळी 'ऐकलं का, ऐकलं का' विचारत बसली तर त्यातच वेळ जाईल."

तसं झालंही. चौकी आणि शाळा एकाच वेळी चालू लागली आणि दोन्हीकडं चित्र नितळ. ओखरबोटचे हेडमास्तर केशर पाइजा तीन तासांची उतरण-चढण करून रश्मिलाला पिवळ्या फुलांची माळ घालायला आले. ती गेली तेव्हा रूपसरीनं तिच्या पिशवीत गुंद्रुकाची पुडी कोंबली. टेकमान तिला जीपपर्यंत पोचवायला गेला आणि जीप वळणाआड गेल्यावरही उभा राहिला.

पहिली दोन वर्षं बरी गेली. तिसऱ्या वर्षीच्या असारात, म्हणजे आषाढात, ओखरबोटचं चित्र अडखळू लागलं. टेकमान माथ्यावर गेला, सगळं पुसलं, घट्ट केलं. दिवे हिरवे होते. मंसिर लागला, थंडी पडली आणि चित्र आपोआप सुधारलं. चौथ्या वर्षी असारात पुन्हा तेच, आणि या खेपेला सिमखर्कचाही आवाज तुटायला लागला. त्यानं आठवडाभर सकाळ-दुपार दोन्ही गावांच्या खुणा शाळेच्या वहीत मांडल्या. शेवटी एक दिवस तो माथ्यावर बसून भाजलेला मका खात असताना त्याची नजर घळीकडं गेली आणि तोंडातला घास तसाच राहिला.

सिमखर्कच्या खालच्या उतारावर उतिसाचं रान उभं राहिलं होतं. रश्मिला आली तेव्हा ती झाडं माणसाच्या छातीएवढी होती. आता ती दोन मजली घराच्या वर गेली होती आणि पावसानं ओली होऊन भिंतीसारखी उभी होती. सिमखर्कचं बोलणं माथ्याला जात होतं, पण घळीपलीकडं ओखरबोटला ऐकू जात नव्हतं. माथ्याची पेटी मात्र ओखरबोटनं ऐकलंच असं धरून कालवलेलं पाठवत होती. ओखरबोटला ते सोडवता येईना. मग माथा तेच पुन्हा पाठवी, पुन्हा पाठवी. त्यातच त्याचं एकुलतं तोंड गुंतून पडे.

त्यानं हे रश्मिलाला लिहिलं. म्हणजे तो सांगत गेला आणि गोमा सिस्टरनं लिहिलं. रश्मिला तोवर परदेशी गेली होती. चार दिवसांत उत्तर आलं. दाइ, तुमचं अगदी बरोबर आहे, मला हे आधी सुचायला हवं होतं, तो पंच्याण्णवाचा आकडा मी पेटीच्या आतच पक्का करून ठेवलाय, बाहेरून बदलता येत नाही, पेटीची किल्ली, म्हणजे पासवर्ड, संस्थेकडं आहे, मी त्यांना कळवते. संस्थेनं कळवलं की तो प्रकल्प संपला. पुढच्या पत्रांना संस्थेचं उत्तरच आलं नाही. रश्मिलाचा दूरध्वनी वसतिगृहात भलतंच कुणीतरी उचलायचं आणि चुकीचा नंबर म्हणून ठेवायचं.

पेटीच्या मागं सुई जाईल एवढं एक भोक होतं. त्यात सुई दाबून धरली की पेटी सगळं विसरते आणि कारखान्यातून आल्यासारखी कोरी होते, हे त्याला माहीत होतं. पण कोरी झाल्यावर तिला पुन्हा शिकवणार कोण? दोन गावं आणि बेंसी आंधळी झाली तर? सुई तो खिशात घेऊन दोनदा वर गेला आणि दोनदा तशीच परत आणली.

राहिली झाडं. वन समितीची सभा बांबूच्या मांडवात भरली. अध्यक्ष रूपसरीच होती.

"फक्त एक पट्टा," टेकमान म्हणाला. "बारा-चौदा झाडांचे शेंडे. मुळाला हात लावायचा नाही."

"शेंडा गेला की झाड खंगतं," एक म्हातारा म्हणाला. "खंगलेलं झाड माती धरत नाही."

"माइलाला टीव्ही नीट दिसत नाही म्हणून डोंगर सोडायचा का?" मागून कुणीतरी म्हणालं आणि चार जण हसले.

रूपसरी हसली नाही. त्याच उतारावर आठ वर्षांपूर्वी दरड आली होती. सात घरं गेली, त्यातलं एक तिच्या थोरल्या भावाचं. पाच माणसं. चौथ्या दिवशी टेकमाननं स्वतः त्यांतल्या तिघांना चिखलातून ओढून काढलं होतं. पुढच्या पावसाळ्यात रूपसरीनं दीड हजार रोपं पाठीवर वाहून नेऊन तिथं लावली होती. ती नवऱ्याकडं न बघता म्हणाली, "ज्यांना वाटतं शेंडे कापावेत, त्यांनी हात वर करा."

एकही हात वर झाला नाही. टेकमाननंही केला नाही.

घरी आल्यावर ती म्हणाली, "तू मला आधी सांगायला हवं होतंस."

"सांगून काय झालं असतं?"

"काही नाही. पण सांगायला हवं होतंस."

मग त्यानं ओखरबोटला जाऊन शाळेच्या छपरावर उंच बांबू उभा केला आणि पेटी त्याच्या टोकाला चढवली. झाडांवरून जरा दिसायला लागलं. अकरा दिवस चाललं. बाराव्या दिवशी वाऱ्यानं बांबू मोडला आणि एका खिडकीची काच घेऊन खाली आला. केशर मास्तर म्हणाले, "दाइ, असू दे. मुलांना सवय झालीये. अर्धं ऐकतात, अर्धं अंदाजानं लिहितात."

पाचव्या वर्षीचा भदौ. तीन दिवस झड लागली होती. जीपचा रस्ता दोन जागी तुटला होता, ढग इतके खाली की हेलिकॉप्टरचा विचारच नको. चौथ्या दिवशी सकाळी आठला मनीसरा गर्बुजाची सून जितकुमारी चौकीत बाळंत झाली. मुलगी. दोघी बऱ्या होत्या. जितकुमारीनं जवानोची, म्हणजे ओव्याची, कढी मागितली आणि अर्धी वाटी प्यायली. तिचा नवरा मलेशियात एका गोदामात कामाला होता. त्याला दुपारी पडद्यावर लेक दाखवायची असं ठरलं.

साडेनऊला रक्त जायला लागलं.

गोमा सिस्टर घाबरणारी बाई नव्हती. ठाकखोला खोऱ्यातल्या शेरचन घराण्यातली, सहा वर्षं एकटीनं चौकी चालवत होती. तिनं इंजेक्शन दिलं, पोट चोळलं, सलाईन लावलं. रक्त थांबेना. तिनं बेंसीला हाक दिली. पडद्यावर डॉक्टर पौडेल दिसले, त्यांचे ओठ हलले, आणि चित्र थिजलं.

टेकमान वरच्या वाफ्यात फुटलेला बांध घालत होता. मनीसराची पुतणी त्याला बोलवायला धावली. तो चिखलाच्या पायांनी चौकीच्या दारात येऊन उभा राहिला तेव्हा पावणेदहा झाले होते.

"दाइ, आवाज येत नाही," गोमा म्हणाली. तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत लाल होते. "काहीतरी सांगतायत. 'गोमा' म्हणतात आणि तुटतं."

पडद्याखालच्या डब्यातून आवाज आला, "...आत... नीट... पिश..." आणि खरखर.

टेकमाननं पेटीकडं बघितलं. दिवे हिरवे. त्याला कळलं. सकाळी पावणेदहा म्हणजे ओखरबोटचा गणिताचा तास. माथा ओखरबोटला तेच तेच पाठवत बसला असणार, आणि डॉक्टरांचे शब्द मागं अडकून पडले असणार. ओखरबोटची पेटी कुणीतरी बंद केली, तर माथा मोकळा होईल.

त्यानं केशर मास्तरांना निरोप टाइप केला, 'पेटी बंद करा, लगेच.' निरोप गेला की नाही कळेना. मास्तर तासावर असतील, तोंड फळ्याकडं. मोबाइलला ह्या घळीत कधीच रेघ नव्हती. माथ्यावर चढायला दीड तास. तो बाहेर धावला.

गावाच्या टोकाला कड्यावर एक मोठा दगड आहे. खच्चरं हाकायच्या दिवसांत तिथून हाक मारली की ओखरबोटचा माणूस अंगणात येऊन उत्तर द्यायचा. टेकमान त्या दगडावर चढला आणि हाका मारायला लागला. "ए केशर मास्तर, पेटी बंद कर." खाली नदी दोन काठ भरून गरजत होती. मध्ये उतिसाची ओली भिंत. पलीकडं शाळेचं निळं छप्पर पानांतून तुकड्या-तुकड्यानं दिसत होतं. त्यानं अंगातला सदरा काढून काठीला बांधला आणि हलवला. एक बाई पलीकडच्या वाटेवर दिसली. ती थांबली, इकडं बघितलं, हात हलवला आणि आपल्या वाटेनं गेली. तो ओरडत राहिला. घसा फुटला, आवाजाऐवजी वारा येऊ लागला, तरी ओरडत राहिला.

तो परत आला तेव्हा दहा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. गोमा एका मुठीनं आतून आणि एका हातानं बाहेरून दाबून धरून उभी होती. तिच्या कपाळावरचा घाम मनीसरा पदरानं पुसत होती. जितकुमारी पांढरी पडली होती, पण शुद्धीत होती. तिनं विचारलं, "दाइ, दुपारी त्यांना दिसेल ना?"

"दिसेल," टेकमान म्हणाला.

अकराला बेंसीच्या शाळेची घंटा झाली असेल, कारण अकरा वाजून एका मिनिटानं डॉक्टर पौडेलांचा आवाज शेजारच्या खोलीतून यावा तसा स्वच्छ आला. "गोमा, ऐकू येतंय? कपाट उघड. खालचा कप्पा. रबरी पिशवी नळीला दोऱ्यानं बांध, आत सरकव आणि सलाईननं फुगव. आतून दाब बसेल. मी सांगत जातो, तू करत जा."

हे शिकवायला मागच्या चैतात बेंसीत शिबिर झालं होतं. रस्ता तुटल्यामुळं गोमा पोचली नव्हती. सामान मात्र आलं होतं. तिनं कपाट उघडलं. पुतणीनं पुडा फोडला. गोमानं दोरा बांधला. नळी सरकवली. डॉक्टर म्हणाले, "आता हळूहळू फुगव. नाडी बघत राहा." गोमानं मनगट धरलं. मग गळ्याशी बोटं लावली. मग पुन्हा मनगट धरलं.

"गोमा, नाडी सांग," डॉक्टर म्हणाले.

तिनं ते मनगट हलकेच खाटेवर ठेवलं. बाळ दुसऱ्या खाटेवर रडायला लागलं. मनीसरानं त्याला उचललं आणि थोपटत थोपटत खिडकीपाशी जाऊन उभी राहिली.

टेकमानला कुणी बोल लावला नाही. गावात आधीही बाळंतिणी गेल्या होत्या, पेट्या नव्हत्या तेव्हाही. तेराव्याच्या दिवशी तो मनीसराच्या घरी गेला. नवऱ्याला यायला विमानाचं तिकीट मिळालं नव्हतं. म्हातारी उन्हात नातीला तेल लावत होती.

"माइला, एक विचारू?" ती म्हणाली. "आवाज तुटत होता ना, तेव्हा डॉक्टर काय सांगत होते? ते कुठं राहतं का त्या डब्यात? ऐकता येईल?"

"राहत नाही, काकी. गेलं की गेलं."

"मग त्यांनाच विचारून ये. माझं काही म्हणणं नाही. फक्त काय म्हणत होते ते कळू दे. ती पण ऐकायचा प्रयत्न करत होती ना. सारखी डब्याकडं कान लावत होती."

रस्ता अजून तुटलेलाच होता. टेकमान खच्चरांच्या जुन्या वाटेनं चालत बेंसीला गेला, दीड दिवस. डॉक्टर पौडेल दवाखान्याच्या मागच्या पायरीवर चहा पीत होते. तरुण माणूस, पण डोळ्यांखाली काळं. त्यांनी टेकमानला शेजारी बसवलं.

"तेच सांगत होतो. पिशवीचं. पाचदा, सहादा सांगितलं. वेगवेगळ्या शब्दांत सांगितलं, एखादा तरी शब्द पोचेल म्हणून."

"त्यानं वाचली असती?"

"बऱ्याच जणी वाचतात. सगळ्या नाही. तिला रक्तही लागलं असतं, ते वर नव्हतं. मी खोटं सांगत नाही दाइ, मला माहीत नाही." त्यांनी कप खाली ठेवला. "मला तुमच्याकडचं सगळं ऐकू येत होतं. शब्द न् शब्द. ती कण्हत होती तेही. तुम्ही दारात आलात, 'ओखरबोट बंद करायला पाहिजे' असं पुटपुटलात आणि पळालात, तेही ऐकलं. मला अर्थ कळला नाही. ओखरबोट कसलं, काय बंद करायचं. मी विचारलं, पण माझं तुम्हाला कुठं ऐकू येणार."

टेकमाननं समोर बघितलं. दवाखान्याच्या फाटकापलीकडं गल्ली होती आणि गल्लीपलीकडं बेंसीच्या शाळेची भिंत. त्या भिंतीआड मास्तर कॅमेऱ्यासमोर गणित शिकवत होता. तिथं जाऊन 'तासभर थांबा' म्हणायला दोन मिनिटं लागली असती. डब्यासमोर उभं राहून 'समोरच्या शाळेतला तास बंद करा' एवढं तो बोलला असता तर. अंगणात मका सोलताना त्यानंच म्हटलं होतं, बेंसीचं ठीक, तिला मास्तरचं ठाऊक आहे. त्याला स्वतःलाच ठाऊक होतं की बेंसीला ऐकू येतं. पण इकडं खरखर ऐकली आणि त्याला वाटलं तिकडंही खरखरच असेल. पाय आपोआप कड्याकडं वळले.

तो डॉक्टरांना हे बोलला. त्यांनी गल्लीपलीकडच्या भिंतीकडं बघितलं. मग म्हणाले, "मीही विचार करायला हवा होता." आणि आत रोगी बघायला गेले.

परतीच्या दीड दिवसात त्यानं ठरवलं होतं की म्हातारीला अर्धंच सांगायचं. पण अंगणात पोचल्यावर सगळंच सांगून टाकलं, शाळेची भिंत, दोन मिनिटं, सगळं. मनीसरा ऐकत राहिली. तिच्या मांडीवर नात झोपली होती.

"तू तेव्हा कड्यावर हाका मारत होतास," ती म्हणाली.

"हो."

"ओखरबोटला ऐकू गेल्या नाहीत?"

"नाहीत."

"मला येत होत्या. तिलाही येत होत्या. म्हणाली, टेकमान दाइ कुणाला एवढं बोलावतायत." म्हातारीनं नातीच्या अंगावरचं फडकं सारखं केलं. "बस. चहा टाकते."

गोमाला त्यानं सांगायला तोंड उघडलं तेव्हा तिनं हात वर केला. "मला ते कपाट रोज उघडायला लागतं, दाइ. आणखी काही नको सांगू." दशैंच्या सणानंतर तिनं बदलीचा अर्ज दिला. तिची बदली झाली नाही, कारण तिच्या जागी यायला कुणी तयार नव्हतं.

बेंसीहून परतला त्याच आठवड्यात टेकमान सुई घेऊन माथ्यावर गेला आणि ह्या खेपेला भोकात दाबून धरली. पेटी सगळं विसरली. तीन आठवडे दोन्ही गावं आणि बेंसी मुकी होती. वर असेल तेव्हा टेकमान खोपट्यातच राहायचा. बेंसीतल्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातल्या एका माणसाला तो पाठीवर सामान घेऊन वर आणायचा आणि खाली सोडायचा, असं दोनदा केलं. शेवटी पेटी बोलायला लागली, पण साधं, जुन्या पद्धतीनं. कालवणं नाही, वजा करणं नाही. एकाचं ऐकायचं, दुसऱ्याला सांगायचं. चौकी आणि शाळा एकदम चालत नव्हती ती नव्हतीच. त्यानं चौकीच्या आणि शाळेच्या दारावर कागद लावला: चौकीला गरज पडली की शाळेचा तास बंद. गरज कधी पडेल हे आधी ठाऊक नसतं आणि चौकीत गर्दी सकाळीच असते, म्हणून गणिताचा तास सकाळऐवजी दुपारी तीनला गेला. तीनला ओखरबोटची निम्मी पोरं गवत कापायला गेलेली असतात. त्या वर्षी दहावीला अकरांपैकी तिघंच गणितात पास झाली.

केशर मास्तर निकालाच्या दुसऱ्या दिवशी घळ ओलांडून आले. भांडायला आले असावेत, पण टेकमानच्या ओसरीवर बसल्यावर त्यांना जमलं नाही. "वाटेत ती म्हातारी भेटली," ते म्हणाले. "नातीला पाठीवर घेऊन चालली होती." मग रूपसरीनं दिलेली छाङ, घरी गाळलेली दारू, पिऊन ते उठले. निघताना एवढंच म्हणाले, "दाइ, काही सुचलं तर बघा. आठवीतली एक मुलगी फार हुशार आहे."

जितकुमारी गेल्याला चौदा महिने झाले तेव्हा रश्मिलाचं पत्र आलं. उशिराबद्दल माफी मागितली होती, आई वारली, मध्ये आजारी होते, वगैरे. पुढं लिहिलं होतं की दाइ, तुमचं पत्र मी विसरले नव्हते. आता पेटी स्वतः मोजत राहील की कुणाला किती ऐकू येतंय, आणि ऐकू येत नसेल तर कालवणार नाही. सोबत पेटीत घालायचं ते नवं सॉफ्टवेअर पाठवते आहे. चौकी आणि शाळा पुन्हा एकदम चालतील. कसं घालायचं ते पानभर लिहिलंय. तुम्हीच आधी ओळखलंत, हे मी माझ्या प्रबंधात लिहिलंय, तुमच्या नावासह.

जितकुमारीचं तिला कुणी कळवलं नव्हतं. टेकमाननंही कळवलं नाही.

गोमानं ते एका छोट्या पेन ड्राइव्हवर भरून दिलं. "आत्ता चालतंय ना?" ती म्हणाली. "मग हात लावू नको, दाइ. माझं ऐक."

केशर मास्तरांचा निरोप रोज यायला लागला. 'घातलं का?'

रूपसरीला त्यानं ह्या वेळी आधी सांगितलं. ती चुलीत लाकूड सारत होती. "मला कशाला विचारतोस, बुढा?" ती म्हणाली. "झाडांचं मला कळतं." फुंकर घालून जाळ केला आणि म्हणाली, "घातलंस आणि पुन्हा काही झालं तर तू जगायचा नाहीस. नाही घातलंस आणि ती पोरं गवतच कापत राहिली तरी तू झोपायचा नाहीस. मी काय सांगू?"

मंसिरात हवा निवळली. टेकमान बॅटऱ्यांत पाणी भरायला माथ्यावर गेला. पेन ड्राइव्ह वरच्या खिशात होता, रश्मिलाचं पान घडी करून त्याला गुंडाळलेलं. त्यानं खोपटं झाडलं, पाणी भरलं, पाट्या पुसल्या. मग पेटीचं झाकण काढून समोर मांडी घालून बसला. पान उघडून एकदा वाचलं. अक्षर लावून लावून दुसऱ्यांदा वाचलं. सगळं कळत होतं. खाली ओखरबोटच्या शाळेत दुपारचा तास सुरू झाला असणार, कारण तिकडचा दिवा लुकलुकायला लागला. थोड्या वेळानं सिमखर्कचाही लागला. शाळेचा दिवा विझला. कुणीतरी चौकीत आलं होतं, आणि तास थांबला होता.

तो दिवे बघत बसला. सिमखर्कचा दिवा बराच वेळ लागून राहिला. मग तोही विझला आणि ओखरबोटचा परत लागला नाही. तासाची वेळ संपली होती. टेकमाननं पान पुन्हा पेन ड्राइव्हभोवती गुंडाळून खिशात ठेवलं, झाकण बसवलं, स्क्रू आवळले आणि उजेड आहे तोवर उतरायला लागला.